खुर्चीसह सूर्यास्त

“सूर्य छान आलाय,” सर म्हणाले, “पण त्यात तुमचं कर्तृत्व काही नाही.”

वर्ग हसला. वर्ग म्हणजे आम्ही मोजकी प्रौढ मंडळी. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, शाळकरी बाकांत गुडघे कोंबून, फोटो काढायला शिकायचो. सर म्हणजे आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला माणूस. बोलताना त्यांची बोटं अजून खडू धरल्यासारखी असायची, आणि समोरच्याकडे बघताना ते एक डोळा बारीक करायचे. हा गृहस्थ कागदाच्या कुठल्या कोपऱ्यात बसेल, याचा अंदाज घेतल्यासारखे.

मी विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या विभागात आहे. फुटलेल्या काचा, चेपलेली दारं, भिजलेले गालिचे, यांच्या फोटोंवर दिवसभर शिक्के मारतो. सूर्यास्त हे माझ्या पाहण्यातलं एकच नुकसान असं, की ज्याची भरपाई कुणी मागत नाही. म्हणून असेल कदाचित, मला ते आवडतं. ऑफिस सुटलं की मी गावाबाहेरच्या तळ्यावर जातो, बांधावर उभा राहतो आणि तो केशरी गोळा पाण्याला टेकेपर्यंत सगळं विसरतो. बांध लांबलचक, पाणी शांत, एका बाजूला टेकड्यांची पुसट रांग. हवेत ओल्या गवताचा वास. अशा वेळी माणसाला आपण फार सखोल आहोत असं वाटू लागतं. त्या सखोलपणाच्या भरात मी शेकडो फोटो काढले होते. बायको ते बघून म्हणायची, “यातला कालचा कुठला आणि आजचा कुठला?” मी सांगायचो, “कालच्यात ढग होता.”

सरांनी पहिल्या रविवारी फोटो हातात धरला आणि म्हणाले, “तुमचं तळं डावीकडे सांडतंय.” क्षितिज तिरकं होतं. मी ते सरळ केलं. नुसतं फोटोतलं नाही. त्या आठवड्यात मी घरातल्या सगळ्या तसबिरी, टॉवेल, अंथरुणावरची चादर आणि ऑफिसात साहेबांच्या टेबलावरची घंटीसुद्धा सरळ केली. दुसऱ्या रविवारी सर म्हणाले, “सूर्य असा मधोमध का बसवलाय? पासपोर्टसाठी काढलाय का?” मग त्यांनी शिकवलं की चौकटीचे मनातल्या मनात उभे-आडवे तीन-तीन भाग करायचे आणि महत्त्वाची गोष्ट त्या रेघा जिथे भेटतात तिथे ठेवायची. झालं. मला जग तीन-तीन भागांत दिसू लागलं. जेवताना मी आमटीची वाटी ताटाच्या एक-तृतीयांशावर सरकवायचो आणि बायको ती परत ओढायची.

तिसऱ्या रविवारी, म्हणजे ज्या दिवशी माझं कर्तृत्व काढलं गेलं त्या दिवशी, सर जरा मऊ झाले.

“हे बघा,” ते म्हणाले, “नजर तुमच्या फोटोत शिरते, पाण्यावरून थेट सूर्यापर्यंत जाते आणि तिथे उभी राहते बिचारी. तिला वाटेत टेकायला काहीतरी द्या. पुढ्यात काहीतरी हवं. आणि सूर्य बुडाला की लगेच घरी पळू नका. त्यानंतर जो उजेड उरतो ना, तो बघायला शिका.”

मग त्यांनी जाहीर केलं की सत्राच्या शेवटी खालच्या दालनात प्रदर्शन भरेल. प्रत्येकाचा एकच फोटो. ज्या फोटोत नजर टेकत नाही, तो टांगला जाणार नाही. हे म्हणताना त्यांनी एक डोळा बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर मी हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर मांडायला नको होता. कारण त्या वेळी आमच्याकडे सूचनाकाका बसले होते. हे खालच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. सगळी इमारत त्यांना याच नावाने ओळखते. त्यांनाही ते माहीत आहे आणि ते त्याला पदवी समजतात.

“बोट ठेवा,” काका लगेच म्हणाले.

“त्या तळ्यात बोट नाही, काका.”

“मग बगळा. बगळा उत्तम. एका पायावर उभा राहतो, हलत नाही, बोलत नाही.”

“बगळा कुठून आणू?”

“ते तुम्ही बघा. मी फक्त सुचवतो.”

बायको भांडी आवरत होती. ती पाठमोरीच म्हणाली, “टेकायलाच हवंय ना? मग खुर्ची न्या एखादी.”

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं होतं, यात मला आजही शंका नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर एकदम चित्र उभं राहिलं: पाण्याकाठी एक रिकामी खुर्ची, काळी, स्तब्ध, तिच्यापलीकडे विझत चाललेलं आकाश. मी बायकोकडे अशा काही भक्तिभावाने पाहिलं की तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि विचारलं, “काय झालं? बरं वाटत नाहीये का?”

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शिवणयंत्रापुढची खुर्ची गाडीत घालून तळ्यावर नेली. तिला न विचारता. खुर्चीला खाली चाकं होती. ती गोष्ट मी सोय म्हणून जमेला धरली होती.

बांधावर हवा तसा उजेड होता. आकाश खरबुजाच्या फोडीसारखं झालं होतं. मी खुर्ची एक-तृतीयांशावर ठेवली, मागे सरकलो, क्षितिज सरळ केलं आणि डोळा लावला. चौकटीत खुर्ची होती. मग चौकटीत अर्धी खुर्ची होती. मग खुर्ची नव्हती. बांधाला पाण्याच्या बाजूने उतार आहे. खुर्ची त्या उतारावरून निघाली, घाई न करता, फिरायला निघालेल्या सभ्य बाईसारखी. वाटेत एकदा स्वतःभोवती वळली आणि पाण्यात शिरली. थोडी तरंगली. सोनेरी पाण्यावर ती काळी खुर्ची सूर्याच्या दिशेने हळूहळू चालली होती आणि तिच्यामागे लाटांची एक सुरेख रेघ उमटत होती. आयुष्यातला सर्वोत्तम फोटो माझ्यासमोर होता आणि मी दोन्ही हात वर करून “अगं, अगं!” म्हणत होतो.

शिट्टी वाजली. तळ्याचा रखवालदार धावत आला.

“ओ साहेब! तळ्यात सामान टाकायचं नाही!”

“टाकलं नाही हो. ती आपणहून गेली.”

“आपणहून? खुर्ची?”

मी रोज हेच वाक्य शिक्का मारण्याआधी वाचतो. दार आपणहून चेपलं, काच आपणहून फुटली. रखवालदाराच्या चेहऱ्यावर तोच भाव होता जो माझ्या चेहऱ्यावर असतो. आम्ही दोघांनी मिळून लांब बांबूने खुर्ची काठाला ओढली. पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली. मग त्याने बजावलं की बांधावर कुठलीही वस्तू ठेवायची तर पाणीपुरवठा कार्यालयाची परवानगी लागते.

घरी बायकोने ओली खुर्ची पाहिली, ओली पॅन्ट पाहिली आणि खुर्ची उन्हात नेऊन ठेवली. पुढचे दोन दिवस ती उभ्याने शिवण करत होती, आणि मी समोरून गेलो की यंत्र जास्त जोरात चालायचं.

पाणीपुरवठा कार्यालयात एका बाईंसमोर मला बसवण्यात आलं. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, टेबल लख्ख, आवाज शांत.

“कशाचा फोटो?”

“सूर्यास्ताचा.”

“सूर्यास्त आमच्या अखत्यारीत येत नाही. तो तुम्ही खुशाल काढा.”

“पण पुढे एक खुर्ची ठेवायची आहे. बांधावर.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “बांध येतो. खुर्चीवर कोण बसणार?”

“कुणीच नाही.”

“मग खुर्ची कशाला?”

“नजर टेकायला.”

पंखा फिरत होता. शेजारच्या टेबलावरचा कारकून टाचणी हातात धरून थांबला होता. मला एकाएकी वाटलं, की कुठल्याही प्रश्नाला मी आजवर दिलेलं हे सर्वात खरं उत्तर आहे आणि तेच सर्वात मूर्खपणाचं आहे.

“रिकामी खुर्ची म्हणजे बेवारस वस्तू,” बाई म्हणाल्या. “बेवारस वस्तू आम्हाला उचलावी लागते. खुर्चीबरोबर एक जबाबदार व्यक्ती हवी.”

“मी असेन ना.”

“तुम्ही छायाचित्रकार. तुमचं लक्ष आकाशात. जबाबदार व्यक्ती वेगळी दाखवा.”

पुढे बरंच झालं. या खिडकीतून त्या खिडकीत गेलो, लाकडी खुर्चीला वेगळा नियम आहे का यावर दोन कारकुनांचं मतभेदात रूपांतर झालेलं संभाषण ऐकलं, आणि शेवटी आठवडाभराची परवानगी हाती आली. एक खुर्ची, एक जबाबदार व्यक्ती, पायांना चाकं नसावीत. ही शेवटची अट बाईंनी स्वतःच्या हाताने घातली होती. म्हणजे बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

आता चाकं नसलेली खुर्ची. प्लास्टिकची नेली तर वाऱ्याने उडते, आणि उजेडासमोर ती दवाखान्यातून पळून आलेली दिसते. जेवणाच्या खुर्च्यांना हात नाहीत. मी घरभर फिरून एकेका खुर्चीकडे एक डोळा बारीक करून बघत होतो, आणि बघता बघता बाबांच्या खुर्चीपाशी थांबलो.

ती खरी खुर्ची. शिसवी, रुंद हातांची, पाठ जराशी मागे कललेली, पाय किंचित फाकलेले. काळोखात नुसती कड उजळली तरी कुणीही म्हणेल, खुर्ची आहे. तिच्यात एकच अडचण होती. तिच्यात बाबा होते.

आई गेली त्याला आता वर्ष उलटून गेलं होतं. तेव्हापासून बाबा घराबाहेर पडले नव्हते. सुरुवातीला आम्हाला वाटलं, होईल सावकाश. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं चालवा. आम्ही म्हणायचो, “बाबा, खाली एक चक्कर मारून येऊ या.” बाबा म्हणायचे, “बघू.” त्यांची खुर्ची बैठकीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून असायची, खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून. ते चिडायचे नाहीत, रडायचे नाहीत. विचारलं तर उत्तर द्यायचे. पण दिवसेंदिवस त्यांचा आवाज असा व्हायला लागला होता की जणू दुसऱ्या खोलीतून येतोय. बायको आणि मी रात्री दिवा मालवताना यावर बोलायला सुरुवात करायचो आणि वाक्य अर्धवट सोडून झोपायचो.

“बाबा,” मी म्हणालो, “तुमची खुर्ची जरा हवी होती. संध्याकाळपुरती.”

“कुठे नेणार?”

“तळ्यावर.”

“कशाला?”

मी सगळं सांगितलं. नजर, तिचं टेकणं, तीन-तीन भाग, सरांनी काढलेलं माझं कर्तृत्व. बाबा भिंतीकडे बघत ऐकत होते.

“आणि तोवर मी कुठे बसू?”

“सोफ्यावर बसा ना.”

“सोफ्यावर मला बसता येत नाही. आत रुततो मी.” त्यांनी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं. “खुर्चीवर कोण बसणार तिकडे?”

“कुणी नाही. रिकामीच हवी.”

“पाडशील तू ती पाण्यात,” बाबा म्हणाले. “मी येतो बरोबर.”

स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. बायको दारात आली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही ताबडतोब दुसरीकडे पाहिलं, कारण जास्त आनंद दाखवला तर ते ‘बघू’ म्हणतील अशी भीती होती. “येताय तर या,” मी शक्य तितक्या बेफिकिरीने म्हणालो. “तसं जबाबदार व्यक्ती लागतेच आहे.”

खुर्ची माझ्या गाडीत मावेना. सूचनाकाकांनी सुचवलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांची सूचना कामी आली, की कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनिंगवाल्याची कपडे पोचवायची व्हॅन मागावी. ड्रायक्लीनिंगवाला उत्साही माणूस, तो म्हणाला, “मी पण येतो, मला सूर्यास्त बघून जमाना झाला, दुकानाचं तोंड पूर्वेला आहे.” गाडीत दोन्ही बाजूंना लोकांचे इस्त्री केलेले कोट टांगलेले होते. मध्ये खुर्ची ठेवली. पुढे बसा म्हटलं तर बाबा म्हणाले, “मी पुढे नाही बसणार, माझ्याच खुर्चीत बसतो.” मग मी आणि काका दोन्ही बाजूंनी खुर्चीचे हात धरून उकिडवे बसलो. वळण आलं की सगळे कोट एका बाजूला झुकायचे, परत सरळ व्हायचे. बाबांच्या दोन्ही अंगांना ती बिनडोक्याची माणसं अदबीने झुलत होती आणि मधे बाबा कुठल्या तरी दूरच्या राज्याच्या राजासारखे बसले होते. त्यांनी एक बाही हातात धरून पाहिली आणि म्हणाले, “कापड चांगलंय.” त्या दिवसातलं ते त्यांचं पहिलं न विचारता बोललेलं वाक्य होतं.

पहिल्या संध्याकाळी फोटो झाला नाही. त्यात कुणाचा दोष नाही. सूर्य पाण्याच्या जवळ आला तेव्हा मी ओरडलो, “बाबा, आता उठा!” बाबा म्हणाले, “हो.” त्यांनी खुर्चीच्या हातांवर हात ठेवले. मग पाय नीट टेकवले. मग थोडा दम घेतला. सूचनाकाका म्हणाले, “आधी पुढे सरका, मग उठा.” बाबा पुढे सरकले. उठले. टोपी सारखी केली. चौकटीबाहेर जाता जाता त्यांनी वळून पाहिलं आणि विचारलं, “कुठाय सूर्य?”

गेला होता.

दुसऱ्या संध्याकाळी मी त्यांना बराच आधी उठवलं. ते रखवालदाराशी बोलत उभे राहिले. चौकट रिकामी, क्षितिज सरळ, पाण्यावर तांबूस जरीचा पट्टा. तेवढ्यात फिरायला आलेली एक जाडजूड बाई खुर्चीपाशी थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि बसली. बसली ती एक दीर्घ सुस्कारा सोडून, चपला काढून. मी कॅमेरा खाली केला. तिला उठवायला मी पुढे जाणार, तर बाबाच म्हणाले, “बसू दे रे. दमलीय ती.”

तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी सरांनीही शिकवली नव्हती. सुंदर ठिकाणी ठेवलेली रिकामी खुर्ची रिकामी राहत नाही. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ बुटाची नाडी बांधायला बसले आणि नाडी बांधून झाल्यावरही उठले नाहीत. मग एक जोडपं आलं. त्यातली ती खुर्चीत बसली आणि तो खुर्चीच्या हातावर. चौथ्या दिवशी तर पाणीपुरवठा कार्यालयातल्या बाईच आल्या. “तपासणी आहे,” त्या म्हणाल्या. त्यांनी खुर्चीचे पाय वाकून पाहिले, चाकं नाहीत याची खात्री केली, “टिकाऊपणा बघते,” असं म्हणून बसल्या आणि पार अंधारून येईपर्यंत टिकाऊपणा बघत राहिल्या. चष्मा साखळीवर लोंबत होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर पाण्यातला उजेड हलत होता. मला त्यांना उठवण्याची हिंमत झाली नाही. परवानगी त्यांचीच होती.

मी रोज घरी येऊन चिडायचो. ऑफिसात डुलक्या काढायचो. साहेबांनी एकदा विचारलं, “काय, तब्येत?” मी म्हणालो, “पुढ्यात काहीतरी हवंय.” त्यांनी माझ्यापुढे आणखी एक गठ्ठा ठेवला.

पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळींची मला हळूहळू चटक लागत होती. सूर्य बुडाला की मी आता लगेच निघत नसे. उजेड एकदम जात नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. तो आधी पाण्यातून आकाशात जातो. मग आकाशातून कुठे जातो कळत नाही. पण टेकड्या निळ्या होतात, गवत काळं होतं, आणि माणसांचे चेहरे थोडा वेळ स्वतःच उजळल्यासारखे दिसतात. कुणी मोठ्याने बोलत नाही. ड्रायक्लीनिंगवाला गाडीच्या दाराला टेकून उभा असायचा. सूचनाकाकांनासुद्धा काही सुचायचं नाही. बायको पाचव्या दिवशी चहाचा थर्मास घेऊन आली, “बाबांना वेळेवर चहा लागतो म्हणून”, आणि माझ्या शेजारी बांधावर बसली. शिवणयंत्राचा विषय तिने काढला नाही. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि तिथेच राहिला.

आणि बाबा आलेल्या-गेलेल्याशी बोलत होते. खुर्चीचं लाकूड कुठलं, ती कुणी बनवली, पाण्यात कशी जाता जाता वाचली. ती वाचली नव्हती. गेली ती दुसरी खुर्ची होती. पण बाबा रंगवून सांगत होते आणि ऐकणारे माझ्याकडे बघून हसत होते. माझ्या अब्रूचा मी केव्हाच नाद सोडला होता.

परवानगीची शेवटची संध्याकाळ आली. दुसऱ्या दिवशी सरांना फोटो द्यायचा होता. आता मात्र सगळ्यांनी ते मनावर घेतलं. सूचनाकाकांनी बांधाचं एक टोक सांभाळलं, ड्रायक्लीनिंगवाल्याने दुसरं. रखवालदाराने शिट्टी तोंडात धरली. फिरायला आलेल्या मंडळींना बायको हात जोडून सांगत होती, “पाचच मिनिटं, फोटो आहे.” नाडीवाले गृहस्थ, चपलावाली बाई, सगळे शिस्तीत एका बाजूला उभे राहिले. बाबा वेळेआधीच उठले आणि बांधाकडेच्या एका बाभळीखाली जाऊन थांबले.

आकाशाने त्या दिवशी काहीच हातचं राखलं नव्हतं. वर फिकट जांभळं, खाली जर्दाळूसारखं, आणि मधे ढगांची एकच लांब पिसारेदार रेघ. वारा पडला होता. पाणी इतकं स्थिर की दुसरं आकाश त्याच्यात पसरून ठेवलंय असं वाटावं. मी डोळा लावला. क्षितिज सरळ. सूर्य उजवीकडे, जिथे हवा तिथे, पाण्याला टेकलेला. आणि डावीकडे पुढ्यात खुर्ची. काळी. पाठ जराशी कललेली. दोन्ही हात पसरलेले. रिकामी.

नजर आत शिरली आणि खुर्चीवर टेकली. अगदी सरांनी सांगितलं होतं तशी. टेकली ती उठेना.

मी बघत राहिलो. ती बाबांची खुर्ची होती, आणि तिच्यात बाबा नव्हते. सूर्य मावळत होता, आणि बाबा नव्हते. चौकटीत कुठेच नव्हते. इतकी नेटकी रचना मी आयुष्यात केली नव्हती, आणि मी बटणावरचं बोट काढून घेतलं.

“दाबा!” सूचनाकाका टोकावरून ओरडले.

“अहो, दाबा ना!” ड्रायक्लीनिंगवाला.

रखवालदाराने शिट्टी वाजवली. बायको माझ्याकडे बघत होती.

“बाबा!” मी कॅमेऱ्यामागून ओरडलो. “बाबा, बसा! या, बसा खुर्चीत!”

“अरे, आत्ताच तर उठवलंस!” बाबा बाभळीखालून वैतागले.

“असू दे. बसा तुम्ही.”

“रिकामी हवी होती ना तुला?”

“नकोय रिकामी.”

बाबा पुटपुटत निघाले. त्यांची चाल आता पूर्वीइतकी संथ नव्हती, पण सूर्य काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता. ते खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर शेवटची कड पाण्याखाली गेली. सगळ्यांच्या तोंडून एकदम “अरेरे” निघालं. सूचनाकाकांनी कपाळावर हात मारला. बाबांनी खुर्चीकडे पाठ केली, चाचपून तिचे हात धरले, गुडघे वाकवले. मागे तो उरलेला उजेड होता, निळसर, राखी, त्यात कुठेतरी गुलाबी. मी दाबलं.

मग मी कॅमेरा पिशवीत टाकला. लोक हळूहळू पांगले. बायकोने थर्मासच्या झाकणात चहा ओतून बाबांना दिला. मी खुर्चीला टेकून खाली गवतात बसलो.

“तुझ्या आईला हे आवडलं नसतं,” बाबा चहा पिता पिता म्हणाले. वर्षभरात त्यांनी तिचा विषय काढला नव्हता. “तिला या वेळी डास चावायचे. सारखी म्हणायची, चला घरी, चला घरी.” ते हसले. मग हसू बारीक होत गेलं आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “मला चावत नाहीत. काय कारण असेल?”

“बघू,” मी म्हणालो.

टेकड्या दिसेनाशा होईपर्यंत आम्ही तिघं तिथे होतो. निघायची घाई कुणालाच नव्हती. ड्रायक्लीनिंगवाला गाडीत कोटांमधे झोपला होता.

प्रदर्शनात माझा फोटो जिन्याखालच्या भिंतीवर लागला. लागला, हे महत्त्वाचं. त्यात सूर्य नव्हता. माणूस थोडा हललेला होता, कड धूसर होती, आणि मागे नुसता विझता उजेड. बाबा नवा शर्ट घालून दालनात फिरत होते आणि बाकीच्यांच्या फोटोंना नावं ठेवत होते. सर माझ्या फोटोसमोर आले. एक डोळा बारीक केला. मग दुसरा केला. मग चष्मा काढून जवळ गेले, परत मागे आले. मी कर्तृत्वाविषयी काहीतरी ऐकायची मनाची तयारी करून ताठ उभा राहिलो.

“एक कळत नाही,” सर म्हणाले. “हे गृहस्थ खुर्चीतून उठताहेत, की बसताहेत?”

“बसताहेत,” मी म्हणालो.